घोट्यातला आडवा स्क्रू

माझी श्रद्धा सिद्धेश्वरावर आहे की स्वतःच्या कमरेवर, असं त्या हिवाळ्याआधी मला कुणी विचारलं असतं, तर मी सिद्धेश्वराचं नाव घेतलं असतं, आणि ते खरं नसतं. आमच्या घरात पूजाअर्चा बायको बघायची आणि काठी मी बघायचो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेला जे उंच नंदीध्वज निघतात, त्यांना आम्ही काठ्याच म्हणतो. दुमजली घरावरून टोक दिसावं एवढा वासा, त्याला वस्त्रं, खोबऱ्याचे हार, बाशिंग, आणि हे सगळं एकाच माणसाने कमरेच्या पट्ट्यात बुडखा बसवून, दोन्ही हातांनी तोल सांभाळत, अनवाणी चालत न्यायचं. सोबत पाच-पंचवीस जण असतात. एक दमला की दुसरा घेतो, पण वाटेत काठी जमिनीला टेकू द्यायची नाही. मी बारा वर्षं आमची काठी पेलत होतो. संक्रांतीला कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात, त्या कट्ट्यापर्यंतचा शेवटचा टप्पा मी बारा वर्षांत दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. नवी पेठेत माझं कापडाचं लहान दुकान होतं. तिथे येणारं गिऱ्हाईक लुगड्याआधी काठीची चौकशी करायचं, आणि मला ते फार आवडायचं.

तो शेवटचा टप्पा मागणारा एकच होता, माझा चुलतभाऊ मल्लिनाथ. माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा, गिरणीत कामाला, अंगाने शिडशिडीत. त्याचा तोल माझ्याहून चांगला होता, हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच ते मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. दरवर्षी तो विचारायचा, “अण्णा, यंदा कट्ट्यापर्यंत मी घेऊ का?” आणि मी दरवर्षी म्हणायचो, “पुढच्या वर्षी बघू की.” हे इतकी वर्षं चाललं होतं की आजूबाजूचे लोकच त्याच्याऐवजी विचारायचे आणि माझ्याऐवजी उत्तर द्यायचे, आणि सगळे हसायचे. मल्लिनाथही हसायचा. तो हसताना खाली बघायचा, हे मात्र मला फार उशिरा आठवलं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा असेल. मार्गशीर्षात आमचा सराव सुरू होता. सरावाची काठी वेगळी असते, सजावट नसते, वर नुसतं वजन बांधलेलं असतं. रविवारी उन्हं कलताना मी ती घेऊन गल्लीच्या वळणावर आलो. तिथल्या फरशीची कड सुटली होती. डावं पाऊल तिच्यावरून बाहेरच्या अंगाला वळलं आणि वरचा सगळा भार उलटा फिरला. मोडल्याचा आवाज मला कानात आला नाही, दातांत आला. मल्लिनाथ शेजारीच होता. “अण्णा, सोडा. धरलीय की मी,” असं तो म्हणाला, आणि त्याचे हात खरोखरच काठीला लागले होते. मी सोडली नाही. त्याच पायावर मी आणखी तीन पावलं टाकली. सरावाची काठी, बघायला ओट्यावर बसलेल्या चार म्हाताऱ्या आणि एक सायकलवाला, आणि तेवढ्यांसाठी मी ती तीन पावलं टाकली. चौथ्याला खाली बसलो तो उठलोच नाही. पडल्यापडल्या पहिलं विचारलं ते, “टेकली का रे?” “न्हाय टेकली,” मल्लिनाथ म्हणाला. काठी त्याच्या हातात सरळ उभी होती.

नंतरचा मूर्खपणाही माझाच. बायको दवाखान्यात चला म्हणत होती, मी टांग्यात घालून मला हाडं बसवणाऱ्याकडे न्यायला लावलं. त्याने मनापासून बांबूच्या कामट्या लावून पाय आवळला. तीन दिवसांत घोटा एवढा सुजला की कातडीवर पाण्याचे फोड आले आणि बोटं काळीनिळी दिसायला लागली. चौथ्या दिवशी बायकोने मला विचारलंच नाही. मल्लिनाथला बोलावलं, दोघांनी मला उचललं आणि मुंबईहून शिकून आलेल्या एका तरुण हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि नीट न्याहाळला. मग म्हणाले, “आतलं हाड मोडलंय, बाहेरचं मोडलंय. नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड, या दोघांना बांधून ठेवणारे बंधही फाटलेत. घोटा म्हणजे एक चौकट समजा. तुमची चौकट उघडी पडलीय. पाय वळल्यावर तुम्ही चाललात का?”

“तीन पावलं,” मी म्हणालो.

“का?”

बायकोच म्हणाली, “काठी हातात होती हो डॉक्टरसाहेब. ती सोडायची म्हणजे यांचा जीवच गेला असता.” डॉक्टरांनी एक्स-रे टेबलावर ठेवला. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशन करून बाहेरच्या हाडाला स्टीलची पट्टी लावायची, आतल्याला एक स्क्रू. फाटलेले बंध असे शिवून भागत नाही, ते आपल्या आपणच भरून यायला हवेत, म्हणून दोन्ही हाडांतून आरपार एक लांब आडवा स्क्रू घालून त्यांना जवळ धरून ठेवायचं. तो स्क्रू काढेपर्यंत पाऊल जमिनीला टेकवायचं नाही. “नीट बसलं तर चालाल. नाही बसलं तर जन्मभर लंगडाल. काठीचं मला आत्ता विचारू नका,” असं म्हणून त्यांनी फोटो पाकिटात घातला. मी तेच विचारणार होतो.

सूज होती तोवर ऑपरेशन करता येत नव्हतं. कातडीला सुरकुती पडली की करू, असं डॉक्टर म्हणाले. मग आठ दिवस मी उशांच्या ढिगावर पाय चढवून पडून राहिलो. ते दिवस आज आठवतात ते पाण्याखालून बघितल्यासारखे. दुखणं थांबवणारी इंजेक्शनं देत, त्यांनी डोळा लागायचा आणि झोपही लागायची नाही. छताचा बंद पंखा कधी काठीच्या टोकासारखा दिसायचा. सकाळचं ऊन भिंतीवरून सरकत कॉटवर यायचं आणि मला वाटायचं, मिरवणूक येतेय, मी आडवा का पडलोय. उशीखाली माझा काठीचा पट्टा होता. तो मी घरून मागवून घेतला होता, कारण सरावाला मंडळी तो मागायला आली तेव्हा मी बायकोला सांगितलं होतं, “सापडत नाही म्हण.” तिने तसं सांगितलं, आणि परत येऊन माझ्याकडे नुसतं बघितलं. पट्टा माझ्यापाशी असला की मल्लिनाथ शेवटचा टप्पा घेणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पट्टे काय, हवे तेवढे शिवून मिळतात. पण पडून राहिलेल्या माणसाला असंच सुचतं.

बायको रोज सकाळी विभूती घेऊन यायची, माझ्या सुजलेल्या बोटांना लावायची आणि वाकून घोट्याची कातडी बघायची. नवव्या दिवशी म्हणाली, “पडली सुरकुती.” तिने मान वर केली तेव्हा तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या मला पहिल्यांदा दिसल्या. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मला फार लाज वाटली, आणि तिला काही बोलायच्या आत मला आत नेलं.

पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात कमरेखालचं शरीर निघून गेलं. दुखणं गेलं, पण पायच गेले असं वाटून मी घाबरलो. समोर हिरवं कापड धरलं होतं, पलीकडे डॉक्टर हळू आवाजात काही मागत होते. कुणीतरी आणखी एक इंजेक्शन दिलं आणि सगळं मऊ झालं. हाडात भोक पाडायच्या हातयंत्राचा घरघर आवाज येत होता आणि तो मला मिरवणुकीतल्या वाद्यांचा वाटू लागला. मग मी रस्त्यावर होतो. बाराबंदी घातलेली, काठी कमरेत, पण पाय नव्हते. मी पायांवाचून पुढे जात होतो आणि काठी डुलत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. मी ती आवळून धरली. जितकी आवळली तितकी ती जास्त डुलायला लागली. घाम फुटला. आता टेकणार, आता टेकणार, असं होत असताना अगदी कानाशी एक म्हातारा आवाज कानडीत म्हणाला, “बिडप्पा. बिडु.” सोड बाबा, सोड. आमच्या घरात अव्वा, म्हणजे माझी आई, कानडीच बोलायची. ती गेल्यापासून मला कुणी असं ‘अप्पा’ लावून बोललं नव्हतं. मी सोडली. बारा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही हात उघडले. काठी पडली नाही. ती आपली आपण उभी राहिली आणि संथपणे पुढे गेली, आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. एवढा हलका मी लहानपणानंतर कधी झालो नव्हतो.

शुद्धीवर आलो तेव्हा पाय गुडघ्याखालपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि बायको बाहेर राहिलेल्या बोटांना विभूती लावत होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने लगेच खरं मानलं असतं, आणि मला ते नको होतं. देवाने माझ्याशी बोलावं असं काय केलं होतं मी? शिवाय, सोड म्हणजे काय सोड, हे मला कळलं असूनही कळून घ्यायचं नव्हतं.

म्हणूनच भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मी करू नये ते करायला निघालो. ऑपरेशनला चार आठवडे झाले होते. भोगीला काठ्या शहरभर फिरून अडुसष्ट लिंगांचं दर्शन घेतात, आणि वाटेत आमच्या दाराशी काठी थांबते. बायका पाणी घालतात, ओवाळतात. मला कुबड्यांसकट ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं, अंगावर शाल. शालीच्या आत, धोतरावरून, मी पट्टा बांधला होता. ते कुणाला ठाऊक नव्हतं. बेत असा की काठी दाराशी आली की उभं राहायचं, पट्ट्यात घ्यायची आणि दोनच पावलं चालायचं. दोन पावलांत मान राहतो, आणि उद्याचा शेवटचा टप्पा मल्लिनाथला द्या असं कुणी म्हणणार नाही. डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, भार पडला तर आडवा स्क्रू मोडेल, चौकट पुन्हा उघडेल. मी मनाशी म्हणत होतो, देवाची काठी आहे, देव बघून घेईल. याला मी श्रद्धा समजत होतो.

ऊन चांगलं वर आलं होतं. आधी ‘हर्र बोला हर्र’ ऐकू आलं, मग घरांच्या वर टोक दिसलं, मग पांढऱ्या बाराबंद्यांनी गल्ली भरून गेली. काठी मल्लिनाथकडे होती. कुणाचा तरी जुना पट्टा त्याने कमरेला दोरीने आवळला होता, तो त्याला रुतत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी शाल बाजूला केली, कुबड्या भिंतीला टेकवल्या, खुर्चीच्या दांड्या धरून उजव्या पायावर उठलो आणि प्लास्टरचं पाऊल ओट्याच्या कडेवरून खाली नेलं. जमीन वीतभर राहिली असेल. त्याच वेळी गर्दीतून, माझ्या एका अंगाने, कुणीतरी म्हणालं, “बिडप्पा, बिडु.”

तोच आवाज, तोच संथपणा. मी वळून बघितलं. पांढरे फेटे, पाठी, खांदे, ओवाळायला आलेल्या बायका. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. गर्दीत कुणी कुणाचा सदरा धरला असेल, कुणी कुणाला सोड म्हणालं असेल. आमच्या यात्रेत अर्धी गल्ली कानडी बोलते. मला त्यावर वाद घालायचा नाही. एवढंच सांगतो की पाऊल हवेत होतं ते मी वर घेतलं आणि खुर्चीत बसलो. कमरेचा पट्टा सोडायला मला इतका वेळ लागला की बायकोने येऊन गाठ सोडवली. तिला तेव्हा सगळं कळलं.

काठी शेजारच्याकडे देऊन मल्लिनाथ ओट्यापाशी आला. मी पट्टा त्याच्या हातात ठेवला. तो म्हणाला, “अण्णा, आजच्यापुरताच ना?”

“उद्या कट्ट्यापर्यंत,” मी म्हणालो.

तो खाली वाकला. पायाला हात लावावा तर प्लास्टर, म्हणून त्याने बाहेर आलेल्या बोटांना हात लावला आणि विचारलं, “दुखतंय का?” मला रडू आलं. भर गल्लीत, सगळ्यांसमोर, चाळिशीला आलेला माणूस मी रडलो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी घरीच होतो. अक्षता पडल्याचा गजर लांबून ऐकला. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, लई वाटलं. पण ते वाईट वाटणं स्वच्छ होतं.

महाशिवरात्र झाल्यावर आडवा स्क्रू काढायचा होता. या खेपेला फक्त तेवढीच जागा बधिर केली. कातडी ओढली जात होती तेव्हा उशाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात मी धरला. आणि तो आवाज आला, “बिडप्पा, बिडु. बोटं मोडशील माझी.”

मी मान वळवली. साठीचा, खुरटी पांढरी दाढी, खाकी सदरा. ऑपरेशनच्या खोलीतला मदतनीस होता, अक्कलकोटकडच्या एका गावचा, भीमण्णा नाव. मी विचारलं, “मागच्या खेपेलाही तुमीच होता का हितं?”

“मीच की. तू तर लई आवळलं होतंस. चार दिवस हात दुखत होता.”

खोटं कशाला सांगू, मन खट्टू झालं. तीन महिने ज्याला मनातल्या मनात देवाचा आवाज म्हणत होतो तो खाकी सदऱ्यातला भीमण्णा निघाला. मी आणखी एक आशा धरून विचारलं, भोगीच्या दिवशी काठीमागे आला होता का? “कुठलं? ड्यूटी होती. दिवसभर हितंच,” तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याने समजूत घातल्यासारखं सांगितलं, “सगळ्यांनाच म्हणतो मी तसं. भ्यालेलं माणूस धरून बसतं, आपल्यालाच सांगावं लागतं.” सगळ्यांनाच म्हणतो, हे माझ्या मनात राहिलं. घरी जाताना टांग्यात मला वाटलं, देवाचं तरी याहून वेगळं काय असणार? माझ्या एकट्यासाठी म्हणून तो वेगळं काही बोलला असता, तर मी त्याचाही मान मिरवला असता.

निघण्याआधी डॉक्टरांनी स्क्रू कापसात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. बोटभर लांब, चकचकीत. “बघा, वाकलासुद्धा नाही,” ते म्हणाले. “एकदा जरी भार दिला असता तरी कळलं असतं. याचं काम बंध भरून येईपर्यंत धरायचं, एवढंच. नंतरही आत राहिला तर चालताना मोडतो. म्हणून वेळेवर काढायचा.” त्यांना माझ्या शालीतला पट्टा ठाऊक नव्हता. मी स्क्रू पुन्हा कापसात गुंडाळला. तो स्क्रू आमच्या देवघरात आहे. बायको सणासुदीला त्यालाही विभूती लावते आणि मी तिला चिडवत नाही.

पाय भरून आला. पावसाळ्यात घोटा कुरकुरतो, त्याशिवाय तक्रार नाही. पुढच्या वर्षी सरावाला मल्लिनाथने तो पट्टा आणला आणि स्वतःच्या हातांनी माझ्या कमरेला बांधला. संक्रांतीला मी काठी घेतली. पहिल्या पावलाला भीती वाटली, दुसऱ्याला कमी. पाऊल धरत होतं. गर्दीतून ओळखीचे लोक माझं नाव घेत होते. शेवटच्या वळणाशी आलो, जिथून पुढची वाट बारा वर्षं माझी होती, तिथे मी थांबलो आणि म्हणालो, “मल्लिनाथ, धर.”

“अण्णा, हा तुमचा टप्पा हाय,” तो म्हणाला. “पाय दुखतोय का?”

“नाही दुखत. धर.”

त्याने धरली. मी हात काढले. काठी जराशी हलली आणि स्थिर झाली, आणि मी तिच्या मागून बाकीच्या लोकांसारखा चालत कट्ट्यापर्यंत गेलो. तिथे बायको बायकांच्या गर्दीतून वाट काढत आली आणि तिने पदराची गाठ सोडून माझ्या ओंजळीत अक्षता ओतल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बारा वर्षं मी त्या लग्नाला सगळ्यांत पुढे उभा होतो आणि देवावर एकदाही अक्षता टाकल्या नव्हत्या. दोन्ही हातांत काठी असायची. त्या दिवशी हात रिकामे होते. मंत्र संपला, गजर झाला आणि मी सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या.